कंपोस्टच्या वाफ्यात आपोआप उगवलेली रोपे: ओळखायची कशी, ठेवायची कोणती?

पानफुटी:
जूनमध्ये घरच्या ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट ४ बाय ६ फुटांच्या वाफ्यात पसरले. आता तिथे न पेरलेले बरेच काही वाढले आहे.
१) एक वेल. पाने तळहातापेक्षा मोठी, मखमली. आधाराला गुंडाळणारा तणावा टोकाशी दोन फाट्यांचा. कळ्या पांढरट.
२) दुसरी वेल. पानांवर पांढरे ठिपके, तणाव्याला तीन-चार फाटे, पिवळ्या मोठ्या कळ्या.
३) टोमॅटो किंवा मिरचीसारखी ३-४ इंचांची रोपे, दाटीने १५-२०.
४) पपईची दोन रोपे, वीतभर.
सगळे ठेवायला जागा नाही. शिवाय आपोआप आलेल्या वेलींची फळे विषारी निघतात असे ऐकले. खरे का?

मांडवकर:
पहिला दुधी, दुसरा लाल भोपळा. दुधीची खात्री करायची तर पानाचा देठ पानाला मिळतो तिथे बघा, दोन बारीक गाठी दिसतील. फुले पांढरी, संध्याकाळी उमलणारी. भोपळ्याची फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तणावा एकेरी, न फाटलेला असता तर काकडी, खरबूज किंवा कारले म्हटले असते. दोडका आणि घोसाळे दोन्हींची फुले पिवळी, पण दोडक्याची संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची सकाळी.

दुधी कचऱ्यातून येणे तसे कमी. आपण तो कोवळा खातो, त्यातले बी पक्व नसते. जून झालेला दुधी कचऱ्यात गेला असेल तरच बी रुजते. भोपळा, टोमॅटो, पपई, वाळलेली लाल मिरची यांचे बी मात्र तयार असते, आणि घरच्या लहान ड्रममधले खत इतके तापत नाही की ते मरावे.

या वाफ्यात मी भोपळा ठेवणार नाही. तो सहज १०-१५ फूट पसरतो आणि बाकी सगळ्यांवर सावली धरतो. काढण्यापूर्वी कोवळे शेंडे आणि नर फुले भाजीला, भज्यांना घ्या. दुधी मांडवावर चढवा. ७-८ पाने झाली की मुख्य शेंडा खुडा, कारण मादी फुले जास्त करून बगलफुटव्यांवर येतात. मादी फुलामागे इवलासा दुधी असतो. तो पिवळा पडून गळत असेल तर परागीभवन होत नाही असे समजा. संध्याकाळी ताजे नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा.

कडूगोड:
विषारीपणाचा प्रश्न खरा आहे आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. भोपळावर्गातल्या फळांत कुकुरबिटासिन नावाचे कडू द्रव्य असू शकते. शिजवून ते जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्याकडे मृत्यू झाले आहेत, आणि त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने कडू रस पिऊ नये असे स्पष्ट सांगितले.

आपोआप आलेल्या वेलीत धोका का जास्त? तिचे बी कोणत्या परागातून तयार झाले हे आपल्याला माहीत नसते. मागच्या पिढीत रानटी कडू दुधीचा पराग लागला असेल, तर या वेलीची सगळी फळे कडू येतात. यंदाच्या परागाने मात्र यंदाच्या फळाचा गर कडू होत नाही, कारण गर आईवेलीचा असतो. त्यामुळे शेजारी कारले लावले म्हणून दुधी बिघडला, हे कारण चुकीचे. पाण्याचा ताण आणि कडक ऊन यांनीही कडवटपणा वाढतो.

करायचे इतकेच: प्रत्येक फळ चिरले की देठाकडचा तुकडा जिभेच्या टोकाला लावा आणि थुंका. किंचितही कडू लागले तर ते फळ टाका, आणि दुसरे फळही तसेच निघाले तर वेल उपटा. साखर, मीठ, मध घालून चव झाकू नका. कडू फळ पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठा. यावर उतारा नाही, लक्षणांवरच उपचार होतात.

रोपवाटिका_कोपरा:
तिसऱ्या गटाबद्दल. पान चुरगळून वास घ्या. टोमॅटोचा ओळखीचा उग्र वास, खोडावर लव, पान कातरलेले. मिरचीचे पान गुळगुळीत, अखंड, टोकदार, जवळपास बिनवासाचे. वांग्याचे पान लवदार, खोडावर जांभळी झाक. पान अखंड, बारीक पांढरी फुले झुपक्यात आणि नंतर काळी मण्याएवढी फळे येत असतील तर ती कामोणी. तिची हिरवी फळे खाऊ नयेत. पहिली जोडपाने लांबट अरुंद आणि पानाला घाणेरडा वास असेल तर धोतरा समजून मुळासकट काढा आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

टोमॅटोची दोन-तीन रोपे पुरेत. पाने आकसलेली, वर वळलेली असतील ती रोपे काढा. ते विषाणूचे लक्षण आहे, आणि पांढरी माशी तो विषाणू बाकी रोपांवर नेते. बाजारातला टोमॅटो बहुधा संकरित, त्यामुळे फळ आईसारखेच येईल असे नाही. ४-५ पाने झाल्यावर संध्याकाळी हलवा, खोड खालच्या पानांपर्यंत मातीत गाडा, १५ इंची कुंडीत एकच. दुधी मात्र आता हलवू नका, दोन पानांनंतर मूळ दुखावले की ती वेल मागे पडते.

पानफुटी:
दुधीच्या देठाजवळ गाठी आहेत. पपईचे काय? फळ लांबट, लाल गराचे होते.

मांडवकर:
मग ते तैवान ७८६ सारख्या वाणाचे असण्याची शक्यता आहे. त्यात नर झाडे येत नाहीत, मादी किंवा द्विलिंगी येतात. गावठी पपई असेल तर निम्मी झाडे नर निघतात, आणि ते फुलल्याशिवाय कळत नाही. वाफ्यात ठेवू नका. ३-४ इंची मातीच्या गड्ड्यासह उचलून कुंपणाजवळ एकमेकांपासून ६ फुटांवर लावा. बुंध्याशी पाणी साचले तर पपई काही दिवसांत मूळकुजीने जाते, म्हणून उंचवट्यावरच.