वडाळ्याची बस घ्यावी का?

प्रेषक: ग्रंथगाडी समिती, मुंबई
विषय: वडाळ्यात पाहिलेली बस

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

फिरत्या वाचनालयासाठी नवी गाडी आपल्या आवाक्याबाहेर आहे, हे मागच्या बैठकीत मान्य झाल्यापासून मी मुंबईत वापरलेली बस शोधत होते. गेल्या गुरुवारी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका आवारात अशी एक बस पाहिली. आपल्या कामासाठीच बांधली असावी इतकी ती आतून सोयीची आहे, म्हणूनच मला तिची थोडी भीतीही वाटते.

टाटाची ही बस २०११ साली कोल्हापुरात, म्हणजे एमएच-०९ क्रमांकावर, नोंदलेली आहे. आधीच्या मालकाने ती फिरत्या प्रदर्शनासाठी वापरली. बहुतेक आसने काढून दोन्ही बाजूंना प्लायवुडची फडताळे बसवली आहेत, आणि गाडी वळणावर गेली तरी वस्तू खाली पडू नये म्हणून प्रत्येक फळीला पुढून पट्टी आहे. मागे घडीचे टेबल, छताला दिवे आणि इन्व्हर्टर आहे. पाठीमागची नऊ आसने तशीच आहेत. मालक साडेसात लाख मागतो आणि त्यातली निम्मी रक्कम त्याला रोख हवी आहे.

इंजिनाबद्दल त्याने स्वतःहून सांगितले की सकाळी गाडी चालू व्हायला जरा त्रास देते, चढावर गरम होते आणि रेडिएटरमध्ये अधूनमधून पाणी घालावे लागते. “नोझल आणि पंपाचे काम केले की झाले,” म्हणजे डिझेल फवारणारे भाग दुरुस्त केले की पुरे, असे त्याचे म्हणणे. मी गेले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बस आधीच चालू करून ठेवलेली होती आणि तिचा आवाज मला तरी चांगला वाटला, पण माझ्या कानाला आवाजातले काय कळते, हे या ई-मेल यादीवरच्या निदान दोघांना नक्की ठाऊक आहे.

सोमवार ते शुक्रवार महापालिकेच्या मराठी शाळा आणि महिन्यातून दोनदा शहापूर तालुक्यातल्या आश्रमशाळा, असा आपला कार्यक्रम आहे. घाट चढायचा नसला तरी शीव आणि घाटकोपरच्या कोंडीत अर्धा अर्धा तास उभे राहावे लागेल. जाणकारांनी मत कळवावे.

आपली,
मुलुंडकर

*

प्रेषक: एक सभासद, ओहायो
विषय: उत्तर: वडाळ्यात पाहिलेली बस

ताई, नमस्कार.

मी सहा वर्षांपूर्वी शाळेची निवृत्त बस घेऊन तिचे फिरते घर केले होते, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. आमच्या बसला इंटरनॅशनलचे डीटी ४६६ इंजिन होते. त्याचे लाइनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वरखाली होतात ती नळकांडी, बाहेरून पाण्यात असलेले आणि बदलता येणारे असल्यामुळे इंजिन गाडीतून न उतरवता त्याचे पूर्ण काम करता येते. त्या एका गोष्टीवर आमचा व्यवहार तगला. आमच्या शेजाऱ्यांनी त्याच सुमारास घेतलेल्या बसचे बोअर (सिलिंडरची भोके) थेट ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्यातच, कोरलेले होते. तिचे इंजिन उतरवून ब्लॉक बोअरिंगसाठी पाठवावा लागला, आणि खर्च बसच्या किमतीच्या वर गेला.

तेव्हा पहिला प्रश्न असा की मुंबईतल्या या इंजिनाचे काम जागेवर होण्यासारखे आहे का? दुसरे म्हणजे वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. त्यात सोडियम किंवा पोटॅशियम निघाले तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) आत शिरतो आहे, तांबे आणि शिसे वाढलेले असेल तर बेअरिंग झिजली आहेत, सिलिकॉन वाढलेले असेल तर धूळ आत जाते आहे, असा साधारण अर्थ लावतात. इतके करूनही इंजिन वाईट निघाले तर दुसरे इंजिन बसवणे हा मार्ग आहेच. आमच्याकडे पुष्कळ जण तेच करतात. फडताळांचे काम इतके चांगले असेल तर केवळ इंजिनासाठी बस सोडू नये, असे माझे मत आहे.

*

प्रेषक: एका सभासदाचे वडील, ठाणे
विषय: उत्तर: वडाळ्यात पाहिलेली बस

सर्वांस नमस्कार.

मुलीने हा पत्रव्यवहार मला दाखवला आणि उत्तर लिहिण्याचा आग्रह धरला. मी बेस्टच्या आगारात एकतीस वर्षे काम केले, त्यातली बरीच वर्षे इंजिनांवर. ओहायोच्या चिरंजीवांनी लिहिलेले तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तरीही त्यांचा शेवटचा सल्ला येथे तसाच लागू पडत नाही, आणि त्याचे कारण यांत्रिक नाही.

आपल्याकडे इंजिन क्रमांक आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि परवानगीशिवाय इंजिन बदलले गेल्यास ते चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. बाजारातून आणलेल्या जुन्या इंजिनाचा उगम कागदावर सिद्ध करता आला नाही तर पुढचे सगळेच अडते. हाच नियम आतल्या फडताळांनाही लागतो. म्हणून ताई, इंजिनाच्या आधी आरसी पाहा. त्यावर आसनक्षमता किती लिहिली आहे आणि गाडीचा प्रकार कोणता आहे? आसने काढल्याची नोंद नसेल तर ज्या सुतारकामाचे तुम्ही कौतुक करता, तेच अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती सापडेल.

आता इंजिन. टाटाचे ६९७ असेल, तर नावातच त्याची ओळख आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. मर्सिडीजच्या जुन्या ओएम ३५२ च्या वंशातले हे इंजिन हजारो बस-ट्रकांत बसले, त्यामुळे सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या बाजारापलीकडे जावे लागत नाही आणि काम जाणणारे हातही मिळतात. इंजिन दुरुस्त होईल का, याची चिंता मला नाही. प्रश्न आहे तो दुरुस्ती कोणाच्या खिशातून होणार, हा.

मालकाने सांगितलेली तीन लक्षणे मला नोझलची वाटत नाहीत. नोझल खराब असेल तर गाडी सकाळी त्रास देईल, धूर मारेल, पण पाणी पिणार नाही. पाणी कमी होते आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर ते आत जाते आहे. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट गेले असेल किंवा हेडला चीर असेल. रेडिएटर चोक झाल्यानेही गाडी गरम होते, पण त्याने पाणी नाहीसे होत नाही. फार तर उकळून बाहेर येते, आणि त्याचे डाग दिसतात.

दुपारी दोन वाजता चालू केलेले इंजिन पाहण्यात काही अर्थ नाही. सकाळी सहा-साडेसहाला जा आणि आधी इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करा. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. डिझेलचे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते. ते सोनेरी दिसले तर नुकतेच बदलले आहे आणि का बदलले हे विचारावे. अशा ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून काही हाती लागणार नाही. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, आहे का हे मेकॅनिकला उघडून पाहू द्या, कारण गरम होणारी गाडी विकताना तो काढून टाकण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. मग रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडून गाडी चालू करा आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहा. झाकण लावून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबा. दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आत, तो कडक झाला तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो आहे. पांढरा धूर डोळ्यांना झोंबला तर न जळलेले डिझेल. झोंबत नसेल आणि इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर वाफ. शेवटी ऑइल भरण्याचे झाकण सैल करा. तेथून धुराचा भपका जोरात येत असेल, म्हणजे मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअरही गेले, आणि मग ही बस फुकट मिळाली तरी महाग आहे.

जाता जाता: बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली. ती थांबली ती पंधरा वर्षांचे आयुष्य पुरे झाले म्हणून. २०११ ची गाडी घेताना हा आकडा डोळ्यांपुढे असू द्यावा. पंधरा वर्षांवरच्या बसचे फिटनेस (योग्यता प्रमाणपत्र) शुल्क एप्रिल २०२२ पासून पूर्वीच्या कित्येक पटींनी वाढलेले आहे, पर्यावरण कर निराळा.

*

प्रेषक: ग्रंथगाडी समिती, मुंबई
विषय: थंड इंजिन पाहिले

सर्वांस नमस्कार.

काकांनी सांगितल्याप्रमाणे काल सकाळी साडेसहाला एका अनुभवी मेकॅनिकला घेऊन वडाळ्याला गेले. मालकाला आदल्या रात्री उशिरा कळवले होते, त्यामुळे बस चालू करून ठेवायला त्याला वेळ मिळाला नाही. तो फार खूश दिसला नाही.

सेल्फ चौथ्यांदा मारल्यावर इंजिन लागले. सुरुवातीचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबला, नंतर झोंबणे थांबले, धूर मात्र थांबला नाही. झाकण उघडे असताना रेडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे येत होते, आणि झाकण लावल्यावर दोन मिनिटांच्या आतच होज माझ्या बोटांनी दबेना. त्या वेळी पाणी कोमटही झालेले नव्हते. थर्मोस्टॅटचे घर रिकामे निघाले. डिपस्टिकवरचे ऑइल मधासारखे सोनेरी होते. एवढ्यात दिलासा एकच: ऑइलच्या झाकणातून भपका जवळजवळ नव्हता, आणि मेकॅनिकच्या मते खालचे इंजिन अजून दमदार आहे. हेड आणि गॅस्केटचेच काम असावे, पण हेड उतरवल्याशिवाय तो शब्द द्यायला तयार नाही, आणि ते योग्यच आहे.

आरसीवर आसनक्षमता ४१ आहे आणि बदलाची कोणतीही नोंद नाही. मालक म्हणाला, “आजवर कोणी विचारले नाही.”

वजनाचा हिशेब मी घरी बसून केला, कारण फडताळांवर पुस्तके भरली की बस जड होईल अशी शंका एका सभासदाने मला स्वतंत्रपणे विचारली होती. चार हजार पुस्तके, प्रत्येकी सरासरी तीनशे ग्रॅम, म्हणजे १,२०० किलो. चाळीस प्रवासी प्रत्येकी पासष्ट किलोचे धरले तर २,६०० किलो होतात. तेव्हा भाराची अडचण नाही. फक्त जाड कोश आणि ग्रंथावल्या एकाच बाजूला लावून त्या बाजूचे कमानपाटे (गाडीच्या स्प्रिंगा) दाबून टाकू नयेत. चालक मात्र अवजड वाहनाचा परवाना असलेलाच लागेल, कारण ही गाडी साडेसात हजार किलोंच्या हलक्या वाहनांच्या मर्यादेत बसत नाही. त्याच्या पगाराचा आकडा आपल्या अंदाजपत्रकात अजून कमी धरलेला आहे.

ओहायोच्या मित्राने लिहिलेले मला मनापासून पटले होते, आणि काकांचे पत्र आले नसते तर फडताळांच्या मोहात मी टोकन देऊन आलेही असते. आता समितीचा प्रस्ताव असा आहे की हेड आपल्या मेकॅनिकने, आपल्या खर्चाने, मालकासमोर उतरवावे. ब्लॉकचा पृष्ठभाग आणि बोअर ठीक निघाले तर सव्वातीन लाख द्यावेत. ही रक्कम इंजिन बंद असलेल्या बसची आहे, कारण वस्तुस्थिती तीच आहे. आसनांच्या बदलाची आरसीवरची नोंद आणि कोल्हापूर कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, ही दोन्ही कामे मालकाने विक्रीपूर्वी स्वतःच्या नावे पुरी करावीत. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतरच होतील. रोख रक्कम एक रुपयाही देता येणार नाही. आपले पैसे येथील न्यासाकडे परदेशी देणगीच्या कायद्याखालील दिल्लीच्या खात्यातून येतात, आणि तेथून निघालेल्या प्रत्येक रुपयाला पावती लागते. त्याच कारणाने दुरुस्ती वाढली तर इकडून तिकडून पटकन पैसे उभे करण्याची सोय आपल्याला नाही.

हे मी मालकाला कालच लेखी कळवले. “एवढ्यात तर मी भंगारात देईन,” असे त्याचे उत्तर आले, आणि तासाभराने दुसरा निरोप आला की हेड उतरवायला त्याची हरकत नाही, फक्त किमतीवर बोलू. किमतीवर बोलण्यासारखे समितीकडे काही नाही, असे मी त्याला सांगितले आहे.

हेड उतरवून परत बसवण्याचा खर्च मेकॅनिकने, गॅस्केट धरून, अठरा हजार सांगितला आहे. व्यवहार मोडला तर तेवढे बुडतील. ते खर्च करावेत की नाही, एवढ्याच प्रश्नावर सभासदांचे मत हवे आहे. रविवारी मुंबईच्या वेळेप्रमाणे रात्री नऊपर्यंत आलेली मते मोजली जातील. माझे मत खर्च करावा असे आहे. काकांचे मत मी फोनवर विचारले. ते म्हणाले, हेड उतरेल त्या दिवशी मला वडाळ्याला घेऊन चला.

आपली,
मुलुंडकर