पृथ्व्युदय, भूदय की उगवती पृथ्वी?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अपोलो ८ या चांद्रमोहिमेवर फलक करतेय. त्यातले अंतराळवीर विल्यम अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राच्या कक्षेतून घेतलेला तो प्रसिद्ध रंगीत फोटो मधोमध लावायचाय. इंग्रजीत त्याला 'अर्थराइज' म्हणतात. मराठीत काय लिहावं? मी 'पृथ्वीउदय' लिहिलं होतं, आमच्या मराठीच्या बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली.

—

बाईंचं बरोबर आहे. संधी करायचाच तर पृथ्वी + उदय = पृथ्व्युदय; अति + उत्तम = अत्युत्तम होतं तसा. 'भू' घेतलात तर भूदय (भू + उद्धार = भूद्धार). दोन्ही व्याकरणात चोख. पण पृथ्व्युदय म्हणताना मुलांच्या जिभेची गाठ बसेल, आणि भूदय वाचून लोक 'हृदय'ची छपाई चुकली म्हणतील. 'चंद्रोदय'च्या चालीवर 'धरोदय' कसा वाटतो?

—

धरोदय?! काय धरायचं, काका?

—

शब्द ठरवण्याआधी घटना काय आहे ते बघू या. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. त्यामुळे चंद्रावर तुम्ही एका जागी उभे राहिलात तर पृथ्वी उगवतही नाही आणि मावळतही नाही. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन जुलै १९६९ मध्ये चंद्रावरच्या 'शांतिसागर' नावाच्या मैदानात साडेएकवीस तासांच्या आसपास होते. तेवढ्या वेळात पृथ्वी त्यांच्या डोक्यावर उंच, जवळपास एकाच जागी होती, फक्त स्वतःभोवती फिरत होती. चंद्राच्या अगदी कडेच्या भागात, त्याच्या किंचित डुलण्यामुळे ती क्षितिजाच्या थोडी वरखाली होते, तेवढाच अपवाद.

अपोलो ८ ची गोष्ट वेगळी. ते यान सुमारे ११० किलोमीटर उंचीवरून, जवळपास दोन तासांना एक अशा चंद्राच्या १० प्रदक्षिणा करत होतं. प्रत्येक फेरीत ते चंद्राआड गेलं की पृथ्वी दिसेनाशी व्हायची, रेडिओ संपर्कही तुटायचा. पलीकडून बाहेर आलं की दोन्ही परत. म्हणजे इथे उदय घडवतं ते यान! पहिल्या तीन फेऱ्यांत खिडक्यांचा रोख दुसरीकडे असल्याने तो कोणाला दिसला नाही. चौथ्या फेरीत फ्रँक बोर्मन यांनी यान स्वतःच्या अक्षावर वळवायला घेतलं आणि पृथ्वी अँडर्स यांच्या खिडकीत आली. त्यांच्या कॅमेऱ्यात तेव्हा कृष्णधवल फिल्म होती, कारण काम चंद्राचा पृष्ठभाग टिपण्याचं. एक फोटो त्याच फिल्मवर काढून त्यांनी घाईघाईने जेम्स लव्हेल यांच्याकडे रंगीत रोल मागितला.

त्यामुळे फलकावर 'चंद्रावरचा पृथ्व्युदय' असं मात्र लिहू नका. 'चंद्राच्या कक्षेतून' हवंच.

—

मग 'उदय' शब्दच चुकीचा म्हणायचा का?

—

नाही हो. 'उदय' म्हणजे फक्त रोजचं क्षितिजावर येणं नव्हे. पंचांगात शुक्राचा उदय-अस्त देतात, तो वेगळाच असतो. सूर्याच्या तेजात शुक्र दिसेनासा झाला की अस्त, पुन्हा दिसू लागला की उदय. त्या अस्तात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, ते याच अर्थाने. दिसेनासं झालेलं परत दिसू लागणं हा अर्थ भाषेत पहिल्यापासून आहे, आणि यानातल्या तिघांना नेमकं तेच दिसलं. माझं मत विचाराल तर संधीबिंधीच्या फंदात न पडता 'उगवती पृथ्वी' लिहा. संकष्टीला आपण 'चंद्र उगवला का?' असंच विचारतो. 'चंद्रोदय' शब्द कॅलेंडरमधली वेळ बघण्यापुरता.

—

'उगवती पृथ्वी'ला माझंही अनुमोदन. एक जास्तीची माहिती : फोटोत पृथ्वी अर्ध्याहून जास्त उजळलेली आहे. त्या दिवशी इथून मात्र शुक्ल पक्षातली कोवळी कोर दिसत होती. चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीच्या कला नेहमी अशा उलट्या असतात. आपली अमावास्या ती तिकडची 'पूर्णपृथ्वी'. (हा शब्द आत्ताच पाडला, बाईंना विचारून घ्या.) आणि 'चंद्राजवळून पृथ्वीचा पहिला फोटो' असं लिहू नका. लुनार ऑर्बिटर १ या मानवरहित यानाने ऑगस्ट १९६६ मध्येच चंद्राच्या कडेवरची पृथ्वी कृष्णधवल टिपली होती.

—

सगळ्यांचे आभार. मथळा 'उगवती पृथ्वी', खाली 'अपोलो ८ मधून, चंद्राच्या कक्षेत, २४ डिसेंबर १९६८'. बाईंनी मान्य केलंय. 'पूर्णपृथ्वी'वर मात्र त्या नुसत्याच हसल्या.

—

छान. फोटो कसा लावणार तेही ठरवा. अँडर्स यांच्या चौकटीत चंद्राची कड उजवीकडे उभी होती आणि पृथ्वी तिच्या डावीकडे. छापताना सगळे तो फिरवून चंद्र खाली घेतात. 'उगवती' लिहिणार असाल तर फिरवलेलाच लावा. नाहीतर मुलं विचारतील, पृथ्वी भिंतीतून बाहेर येतेय का म्हणून.