मोबाइल आरोग्यसेवेसाठी रुग्णाची तयारी कशी मोजावी?

प्रश्न: कळव्यातील आमच्या दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णांना ॲपवर साखरेच्या नोंदी ठेवायला सांगण्यापूर्वी त्यांची तयारी तपासायची आहे. स्मार्टफोन आहे का, एवढे विचारून भागेल का?

उत्तर १: भागणार नाही. इंटरनेटवरची आरोग्यविषयक माहिती शोधता-वापरता येते का, हे मोजणाऱ्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ई-हील्स’ प्रश्नावलीत ८ विधाने असून प्रत्येकाला १ ते ५, म्हणजे एकूण ८ ते ४० गुण मिळतात. मात्र रुग्णाला स्वतःविषयी काय वाटते, तेवढेच त्यातून कळते.

उत्तर २: म्हणूनच समोर बसवून एक नोंद करून घ्यावी. ऐरोलीत एका आजींनी सगळ्या प्रश्नांना ठामपणे होकार दिला, पण ओटीपी गेला नातवाच्या फोनवर आणि नातू होता कॉलेजात!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ‘फोन कोणाचा?’ हा रकाना सर्वांत वर घेतो.