गुडघ्याच्या सांधेरोपणानंतरची फेरतपासणी व्हिडिओ कॉलवर : प्रत्यक्ष भेट कधी टाळू नये?

नमस्कार. माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचे संपूर्ण सांधेरोपण झाले आहे. टाके काढून झाले आहेत, जखम कोरडी आहे आणि ती वॉकर घेऊन घरात फिरते. सहाव्या आठवड्याची आणि तिसऱ्या महिन्याची तपासणी व्हिडिओ कॉलवर करता येईल, एक्स-रे तेवढा जवळच्या केंद्रात काढून आधी पाठवावा, असे रुग्णालयाने सुचवले आहे. गाडीत गुडघा दुमडून बराच वेळ बसणे आईला फार जड जाते, त्यामुळे ही सोय आम्हाला मनापासून हवी आहे. तरीही या तपासणीतले काय पडद्यावरून नीट कळते आणि कशासाठी डॉक्टरांचा हात गुडघ्याला लागलाच पाहिजे, हे या अनुभवातून गेलेल्या रुग्णांकडून, त्यांच्या घरच्यांकडून आणि जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

जखमेची मला तितकीशी काळजी वाटत नाही. गुडघा कोमट लागणे, थोडी सूज राहणे आणि जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असणे हे काही महिने चालू शकते, हे आम्हाला सांगितलेले आहे. लाली वाढू लागली, स्राव आला किंवा ताप आला तर व्हिडिओ कॉलच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधायचा आणि घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू करायचे नाही, हेही ठाऊक आहे. कारण आधीच औषध पोटात गेले तर सांध्यातील पाण्याच्या तपासणीत जंतू सापडणे अवघड होते.

माझा खरा प्रश्न गुडघ्याच्या हालचालीचा आहे. गुडघा किती वाकतो आणि पूर्ण सरळ होतो का, यावर पुढचे सगळे चालणे, जिने चढणे आणि खुर्चीतून उठणे अवलंबून असते. प्रत्यक्ष भेटीत डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गोनिओमीटर लावून हा कोन मोजतात. घरी आम्ही आईला पलंगाच्या कडेला बसवतो, फोन गुडघ्याच्या उंचीवर अगदी बाजूने धरतो आणि मांडीच्या वरच्या टोकाचे बाहेरचे हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू व घोट्याचे बाहेरचे हाड या तिन्ही ठिकाणी टिकल्या लावून फोटो काढतो. फोन जरा जरी तिरका झाला तरी कोन बदललेला दिसतो, हे लगेच लक्षात आले. पाय सरळ करण्याच्या बाबतीत तर आणखी अवघड आहे, कारण पाच-सात अंशांची उणीव फोटोत सहज नजरेआड होऊ शकते, पण चालताना तीच लंगडण्याचे कारण ठरते. अशा फोटोंवर तुमच्या डॉक्टरांनी विश्वास ठेवला का, की एकदा तरी स्वतः मोजायला बोलावले? हे विचारण्याचे कारण असे की, सांधा आखडत असेल तर भूल देऊन तो मोकळा करण्याचा उपाय साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत अधिक परिणामकारक ठरतो, आणि अपुऱ्या मोजमापामुळे तो काळ निघून जावा असे मला वाटत नाही.

दुसरी शंका पोटरीची आहे. शस्त्रक्रिया झालेला पाय तसाही सुजलेला असतो, त्यामुळे रक्ताची गुठळी झाल्याची सूज वेगळी ओळखायची कशी? आम्ही नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजून लिहून ठेवतो. दोहोंत 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक हे गुठळीच्या शक्यतेचे एक लक्षण मानले जाते. धाप किंवा छातीत दुखणे असेल तर थेट तातडीच्या विभागात जायचे, यात प्रश्नच नाही. पण नुसता फरक वाढला आणि दुखणे फारसे नाही, अशा वेळी व्हिडिओवर वेळ घालवावा की सरळ डॉप्लर तपासणीसाठी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी) न्यावे?

अस्थिबंधांचा ताण, सांध्याचा डळमळीतपणा आणि वाटीची हालचाल या गोष्टी हाताने तपासल्याशिवाय कळणार नाहीत, असे मला वाटते. म्हणून निदान एक भेट प्रत्यक्ष ठेवण्याची विनंती करावी, असा माझा कल आहे. ती सहाव्या आठवड्याला असावी की तिसऱ्या महिन्याला, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

शेवटचा मुद्दा आईच्या स्वभावाचा. डॉक्टर समोर दिसले की ती प्रत्येक प्रश्नाला “बरं आहे” एवढेच म्हणते, आणि रात्री दुखण्याने जाग येते हे सांगतच नाही. प्रत्यक्ष भेटीत डॉक्टर तिला चालताना, खुर्चीतून उठताना पाहतात आणि त्यांना ते उमगते. फोनच्या चौकटीत फक्त तिचा चेहरा दिसतो. तिच्या संमतीने चालण्याचे, उठण्या-बसण्याचे चित्रण समोरून आणि बाजूने आधीच करून पाठवण्याचा आमचा विचार आहे. ऑक्सफर्ड नी स्कोअर ही गुडघ्याचे दुखणे आणि रोजच्या हालचाली यांविषयीची 12 प्रश्नांची, 0 ते 48 गुणांची प्रश्नावलीही कॉलच्या आदल्या दिवशी तिच्याकडून शांतपणे भरून घेता येईल. कोणी असे केले असल्यास डॉक्टरांनी ते कॉलपूर्वी खरोखर पाहिले का, आणि त्यामुळे औषधात किंवा व्यायामात काही बदल झाला का, हे कृपया सविस्तर लिहावे.