पिशवी द्यावी की पैसे? गरजू कुटुंबाला काय हवंय ते ठरवायचं कोणी?

कोरा कागद (धागाकर्ता)

आम्ही चाळीसेक जण मिळून गेली सहा वर्षं आसपासच्या काही कुटुंबांना दर महिन्याला किराण्याची पिशवी पोचवतो. यादी ठरलेली, पिशवीतल्या वस्तू ठरलेल्या, वारही ठरलेला. यंदा मी बैठकीत म्हटलं की पिशव्या बंद करू आणि तेवढीच रक्कम घरातल्या बाईच्या खात्यात टाकू. तीन तास भांडलो, चहा दोनदा झाला आणि शेवटी 'पुढच्या बैठकीत बघू' यावर उठलो. म्हणून इथे विचारतोय.

हे डोक्यात आलं एका फडताळामुळे. मागच्या महिन्यात एका घरी पिशवी घेऊन गेलो. काकूंनी ती आत नेऊन फडताळात ठेवली आणि दार लोटायच्या आधी मला आतलं दिसलं. आमच्याच साखरेच्या न फोडलेल्या पुड्या, एकीवर एक. सात मोजल्या. काकांना मधुमेह आहे. "मग सांगितलं का नाहीत?" म्हटलं, तर म्हणाल्या, "तुम्ही एवढं आणता, नको कसं म्हणायचं?" काकांची रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या मात्र संपल्या होत्या, त्याही कधीच्या.

जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारून एक हिशेब मांडला होता. भेटवस्तूला देणाऱ्याने जेवढी किंमत मोजली, त्यापेक्षा घेणाऱ्याला ती १० ते ३३ टक्के कमी मोलाची वाटते. आणि या भेटी घरच्यांनी, मित्रांनी दिलेल्या. आम्ही तर त्या घरी महिन्यातून पाच मिनिटं जाणारी माणसं.

माझं म्हणणं एवढंच की घर चालवणाऱ्या बाईला स्वतःच्या घराची गरज आमच्या समितीपेक्षा जास्त कळते.

जमाखर्च

असहमत. साखरेच्या पुड्या खऱ्या असतील, पण तो दोष पिशवीचा नाही, सहा वर्षं न विचारण्याचा आहे. आणि काकांचा मधुमेह तुम्हाला कळला कसा? दारात गेलात म्हणून. खात्यात पैसे टाकत असतात तर ते फडताळ जन्मात दिसलं नसतं.

मी अशाच एका गटाचा हिशेब नऊ वर्षं सांभाळतोय, त्यामुळे उंटावरून शेळ्या हाकत नाही. आमच्याकडे जे येतं त्यातलं अर्ध्याहून जास्त वस्तूंच्या रूपात येतं. घाऊक व्यापारी दहा पोती सहज देतो, दहा पोत्यांचे पैसे मागितले की 'मुलाशी बोलून सांगतो' म्हणतो. शिवाय पिशव्या भरायला रविवारी पंधरा-वीस जण जमतात. पैसे पाठवायला मी एकटा पुरेसा आहे, अर्धा तास आणि मोबाइल. वर्षभराने ते वीस जण कुठे असतील? वर्गणी देणारे तेच आहेत हो! हाताला काम नसलं की माणूस आधी यायचा थांबतो, मग द्यायचा.

आणि दारात जाणं म्हणजे नुसती हजेरी नसते. जर्मनीतल्या एल्बरफेल्ड शहराने १८५३ मध्ये यावर अख्खी व्यवस्था उभी केली होती. नागरिकांमधूनच गरीब कुटुंबांकडे लक्ष देणारे बिनपगारी पालक नेमले आणि एकाकडे जास्तीत जास्त चार कुटुंबं दिली. मदत चौदा दिवसांपुरती मंजूर व्हायची, पुढची हवी तर पालकाने पुन्हा घरी जाऊन बघायचं. चारच घरं, त्यामुळे कोणाकडे काय चाललंय ते ठाऊक असायचं. तुमच्या गटात एका माणसाकडे किती घरं आहेत?

तिरकस

'पैसे दिले की दारूत जातात' हे लिहायचं अजून कोणाचं राहिलंय का? रांग इकडून लावा.

सरळमार्गी

राहिलंय, मी लिहितो. हसा खुशाल. आमच्या गटाने एका बाईंना शिलाई मशीनसाठी रक्कम दिली. दोन आठवड्यांत पैसे संपले, मशीन आलंच नाही. दारू म्हणत नाही मी, पण देणगीदाराला काय सांगायचं? त्याने मशीनसाठी दिले होते.

कोरा कागद

@सरळमार्गी, पैसे कुठे गेले ते विचारलंत का?

दारूबद्दल मात्र आता अंदाजाने बोलायची गरज उरलेली नाही. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं निघालं नाही, काही ठिकाणी उलट किंचित घटलाच होता. केनियात 'गिव्हडायरेक्टली' ही संस्था कुटुंबांना विनाअट पैसे देते, त्यावरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही तेच. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्यांना दर महिन्याला थोडे थोडे पैसे मिळाले त्यांच्या घरी खाण्यापिण्याची ददात कमी झाली आणि ज्यांना एकरकमी मिळाले त्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. रक्कम तीच, हातात कशी पडते त्यावर माणूस बेत करतो. आपणही पगार आणि बोनस एकाच पद्धतीने कुठे खर्च करतो?

सरळमार्गी

विचारलं होतं. थकलेल्या भाड्यात गेले. घरमालकाने सामान बाहेर काढायची धमकी दिली होती.

तिरकस

म्हणजे शिलाई मशीन ठेवायला घर राहिलं. वाईट काय झालं त्यात?

सरळमार्गी

वाईट नाही. पण मग भाड्यासाठी मागायचे होते.

उंबरठा

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या लहानपणी आमचं घर अशाच एका यादीत होतं, साधारण चार वर्षं.

आधी पायताणाचं सांगते. शाळा सुरू होताना बूट वाटायचे. भावाला दोन नंबर मोठे आले, कारण यादीत वय लिहिलेलं होतं, पायाचं माप नव्हतं. आईने पुढे कागदाचे बोळे कोंबले. पाऊस आला की बोळे भिजायचे आणि त्याचे मोजे शाईने काळे व्हायचे. वर्गात बूट काढायची वेळ आली की तो पाय बाकाखाली ओढून घ्यायचा. बदलून मागू म्हटलं तर आई गप्प बसवायची. धर्माची गाय अन् दात का गं नाय, हे तिने आम्हाला फार लवकर शिकवलं.

तरीही @कोरा कागद, मी सरसकट पैशाच्या बाजूने नाही. वडिलांच्या डोक्यावर देणं होतं. पैसे आले असते तर देणेकऱ्याने त्याच संध्याकाळी नेले असते. त्याला आमचा पगाराचा दिवस पाठ होता. पिशवी त्याला नको होती, म्हणून ती आमच्या पोटात गेली. दारूचंच सगळे बोलतात, देणेकऱ्याचं कोणी बोलत नाही. खातं बाईच्या नावावर असलं तरी कार्ड कोणाच्या खिशात असतं?

पिशवी घेऊन यायच्या त्या मावशी शिकलेल्या होत्या. एकदा भिंतीला टेकून बसल्या आणि माझा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून दिला. चार वर्षांतली सगळी पोती एकीकडे आणि तो अर्ज एकीकडे. पण त्या पिशवी घेऊन आल्या नसत्या, तर बसल्या असत्या का, सांगता येत नाही.

आणि फोटो. हॉलमध्ये बॅनर, बॅनरखाली आम्ही, हातात पिशवी अर्धी धरलेली आणि उरलेली अर्धी पाहुण्यांनी धरलेली. कॅमेरावाला म्हणायचा, जरा हसा. माझ्या वर्गातल्या मुलीच्या वडिलांनी वर्गणी दिली होती म्हणून तो फोटो तिच्या घरी गेला. डावीकडून दुसरी मी.

नाममात्र

@उंबरठा, फोटोचं पटतं, पण देणगीदाराच्या बाजूनेही बघा. कोणीही उठतो आणि गरिबांच्या नावाने पैसे गोळा करतो. फोटो नाही तर पुरावा काय? मी दरवर्षी देतो, पोचलं की नाही ते कळायचा मला हक्क नाही?

जमाखर्च

@नाममात्र, हक्क आहे, पण तो हिशेबावर, चेहऱ्यावर नाही. खरेदीची बिलं, किती घरं, शिल्लक किती, आणि बाहेरच्या एका माणसाने तपासून केलेली सही. फोटो पाहिजेच असेल तर भरलेल्या पिशव्यांच्या थप्पीचा घ्या. फोटोने तसंही काहीच सिद्ध होत नाही. वीस माणसं उभी करून दोनशेचं बिल लावणारे मी पाहिलेत. या एका मुद्द्यावर मी उंबरठा यांच्या बाजूला.

मध्ययुगातले ज्यू विचारवंत मायमोनिडीज यांनी बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या लावल्या होत्या. सगळ्यांत वरची पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पुन्हा हात पसरायची वेळच येऊ न देणं. तिच्या लगेच खाली, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. आपण यालाच गुप्तदान म्हणतो, आणि मग देणाऱ्यांची नावं बॅनरवर छापतो.

पायवाट

सगळे पिशवी की पैसे यावर अडलेत. यादी कोण करतं ते कोणीच विचारत नाही.

लंडनमध्ये १८६९ साली 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' निघाली. एकाच घराला चार ठिकाणांहून मदत जाते आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे थांबवायचा हेतू रास्त होता. पण तपासणी सुरू झाली तशी गरिबांची 'लायक' आणि 'नालायक' अशी वाटणी झाली. बाई नीटनेटकी आहे का, नवरा पितो का. समाजकार्यात आज गृहभेटी आणि नोंदींची जी पद्धत आहे, तिचं एक मूळ तिथे आहे. तो वाईट वारसाही सोबत आलाच.

आपल्या यादीतही तेच होतं. जी बाई कार्यकर्त्याशी गोड बोलते तिचं नाव राहतं. जिचं भांडण झालंय तिचं पुढच्या वर्षी 'आता बरं चाललंय त्यांचं' म्हणून गळतं. केनियातल्या त्या अभ्यासात निकष एकच होता, छप्पर गवताचं असलं तर मदत. ढोबळ आहे, पण रस्त्यावरून दिसतो आणि कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

सरळमार्गी

आणि पत्र्याच्या छपराखाली उपाशी असलेल्याने काय करायचं? शेजारच्याच्या खात्यात पैसे पडताना बघत बसायचं? पिशवीवरून एवढी भांडणं होत नाहीत, पैशावरून होतात.

कोरा कागद

केनियात नंतर मोठा प्रयोग झाला, ६५३ गावं आणि साडेदहा हजारांच्या आसपास कुटुंबं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांचीही स्थिती सुधारली, कारण पैसा गावातच फिरला. महागाई जवळपास वाढली नाही.

जमाखर्च

६५३ गावं आणि आपली मूठभर घरं यात फरक आहे. एवढ्याशा पैशाने बाजार हलत नाही, शेजारीण मात्र हलते. सरळमार्गींचं चुकत नाहीये.

दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर अमेरिकेतलं एक उदाहरण आहे. 'फीडिंग अमेरिका' या संस्थेकडून देशभरातल्या अन्नपेढ्यांना, म्हणजे गरजूंसाठी अन्न साठवून वाटणाऱ्या केंद्रांना, माल जायचा तो रांगेने. तुमचा नंबर आला की जे असेल ते घ्या किंवा नाही म्हणा, मग तुमच्याकडे त्याचे डोंगर असोत. २००५ पासून त्यांनी प्रत्येक पेढीला गुण द्यायला सुरुवात केली. गरजेप्रमाणे गुण मिळतात आणि पेढी हव्या त्या मालावर ते लावते. माल तोच राहिला, फक्त निवड खालच्या हातात गेली. आपल्याला एवढं यंत्र नको. वीस वस्तूंचा एक कागद करा, दहांवर खुणा करायला सांगा. त्यात तपासणीच्या पट्ट्याही टाका.

कोरा कागद

आठ दिवसांनी लिहितोय. जमाखर्च म्हणाले तसा कागद केला आणि गेल्या रविवारी स्वतः अठरा घरी जाऊन विचारून आलो. अकरा ठिकाणी एकच उत्तर, 'तुम्ही द्याल ते चालेल'. साखरेवाल्या काकूंनीसुद्धा साखरेवर खूण केली. आता बोला.

उंबरठा

विचारायला गेलं कोण होतं?

कोरा कागद

मीच. पिशव्याही बरोबरच नेल्या होत्या, म्हटलं दोन खेपा कशाला.

उंबरठा

कागद घरीच ठेवून या. नाव लिहायला सांगू नका, घरासाठी एक आकडा ठरवा. आणि न्यायला पुढच्या वेळी ज्याचा चेहरा त्यांच्या ओळखीचा नाही असा कोणीतरी पाठवा.