पुनर्रचना की पुनर्वसन? (आणि ‘बटईदार’ चालेल का?)

निळी शाई
अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या काळावर एक लेख मराठीत करतेय. 1865 साली दक्षिण हरली आणि तिथले काळे गुलाम मुक्त झाले. तिथपासून 1877 पर्यंतच्या काळाला तिकडे ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणतात. मी ‘पुनर्रचना’ लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे खोडून ‘पुनर्वसन’ केलं, का तर वाचकाला राज्य पुनर्रचना आयोग आठवेल. मला पुनर्वसन म्हटलं की धरणग्रस्तांच्या पत्र्याच्या शेड दिसतात! दुसरी अडचण ‘शेअरक्रॉपर’ची, म्हणजे मालकाच्या जमिनीत पिकाच्या वाट्यावर राबणाऱ्याची. तिथे ‘बटईदार’ केलंय. चालेल?

वेताळटेकडी
आधी पुनर्रचना शुद्ध करा. र पुढे र आला की पहिल्याचा लोप होतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो. निर् + रोग = नीरोग. तसंच पुनर् + रचना = पुनारचना. ‘निर्रोगी’ कुणी लिहितं का?

मोरपीस
पुनारचना म्हणजे पुण्याची रचना ना? ती रोजच चालू असते, नवा रस्ता खणून.

रानजाई
टेकडीकाका, शासनाच्या कायद्यातही पुनर्रचनाच आहे, आता ती उखडणार कशी? नीलाताई (शाईवरून हेच नाव सुचलं, चालवून घ्या), ‘पुनर्वसन’ मात्र ठेवू नका. घर-जमीन दिली असती तर तो शब्द शोभला असता. जानेवारी 1865 मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्यांना कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत द्यायचा हुकूम काढला. लोक राहायला गेले, पेरण्या झाल्या. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने जुन्या मालकांना माफी देऊन जमिनी परत केल्या. हे सांगायला, मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्डला साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावर पाठवलं. चर्चमध्ये इतका गलका झाला की त्याला बोलता येईना. शेवटी एका बाईने भजन धरलं, तेव्हा सगळे थोडे शांत झाले. याला पुनर्वसन म्हणायचं? हे तर वसवून उठवणं.

मोरपीस
पण राजकीय हक्क मिळालेच की. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व, पंधराव्या दुरुस्तीने 1870 मध्ये मताधिकार (पुरुषांनाच). त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे काळे गृहस्थ सिनेटवर गेले. राज्यांना संघात परत घ्यायचं तर नवी राज्यघटना करा, ही अट होती. म्हणून मी म्हणेन ‘पुनर्घटना’.

वेताळटेकडी
हे बरं आहे. संधीही निर्दोष.

सातबारा
बटईदार लिहू नका, ही कळकळीची विनंती. वऱ्हाडात आमच्या आजोबांची साडेतीन एकर बटईने होती. बैल बटईदाराचे, बी निम्मं-निम्मं, खताचा खर्च निम्मा. खळ्यावर रास मोजायला दोघं समोरासमोर. पटलं नाही तर पुढच्या साली तो दुसऱ्याच्या वावरात.
तिकडे त्या माणसाकडे होतं काय? खेचर मालकाचं, नांगर मालकाचा, बी मालकाचं, राहायची खोपटीसुद्धा मालकाची. वर्षभर पीठ-मीठ दुकानातून उधार, आणि उभ्या कापसावर दुकानदाराचा बोजा. हंगाम संपल्यावर हिशेब व्हायचा, वही दुकानदाराच्या हातात. हा आमच्याकडचा सालदार झाला, फक्त मजुरी पिकात. ‘उचल’ हा शब्द आपल्याकडे असताना तुम्ही बटई कुठून काढली?

रानजाई
उचल ऊसतोडीची ना? ती रोख असते हो. कोकणात ‘अर्धेल’ म्हणतात, तो कसा वाटतो?

सातबारा
अर्धेलीत निदान कूळ म्हणून काही पत असते. आणि सालदाराचं अजून एक. आमच्याकडे साल पाडव्याला बदलतं. मिसिसिपीत मुक्त झालेल्यांसाठी केलेल्या 1865 च्या कायद्यात नेमका असाच दिवस होता: दर जानेवारीचा दुसरा सोमवार. त्या दिवशी काम असल्याचा लेखी पुरावा जवळ हवा, नाहीतर तुम्ही भटके, भरा दंड. नसेल पैसा तर दंड भरणाऱ्याकडे राबा. साल अर्धवट सोडलं तर तोवरची मजुरी बुडाली. पाडव्याला आमचा सालदार निदान घासाघीस तरी करायचा.

वेताळटेकडी
‘गुलाम’ हा शब्द तरी टाळा. अरबी आहे. ‘दास’ घ्या.

मोरपीस
दास म्हटलं की मनाचे श्लोक सुरू होतात. 1873 मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांनाच अर्पण केली. त्यांना गुलाम चालला, तुम्हाला का नको? शिवाय अरबीत त्याचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा. अमेरिकी दक्षिणेत साठीच्या माणसालाही ‘बॉय’ म्हणून हाक मारत. दोन भाषांनी एकच खोडी केलीय.

वेताळटेकडी
ते योगायोग. मग सुटलेल्यांना काय म्हणाल? ‘विमुक्त’?

रानजाई
नको! विमुक्त जाती हा आपल्याकडे वेगळाच इतिहास आहे. ‘माजी गुलाम’ म्हणा.

मोरपीस
माजी आमदारासारखं वाटतं. पेन्शन मिळत असेल असं.

निळी शाई
अहो, अंक शनिवारी छापायला जातोय. पुनर्रचना, पुनर्घटना, पुनर्वसन, एक काहीतरी सांगा. ‘मुक्त झालेले लोक’ मी ठेवतेय, लांबलं तरी चालेल. ‘शेअरक्रॉपर’ला ‘वाट्याने राबणारा’?

सातबारा
‘राबणारा’ ठेवा, ‘वाट्याने’ची खात्री नाही. वाटा म्हटला की वाटणी दोघांच्या देखत झाली असं वाटतं. आमच्याकडे रास मोजताना लहान पोरांनाही खळ्यावर बसवत, मोजणी चुकू नये म्हणून.

रानजाई
आमच्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. लाभ, दोन, तीन...

सातबारा
आमच्याकडेही लाभच! आणि सात कसं मोजता?

वेताळटेकडी
लाभ संस्कृत आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.