मदत हवी आहे: आबा हयात आहेत, पण मशीन ऐकंना

मंडळी, जरा अर्जंट आहे आणि बडबड पण आहे, दोन्ही सहन करा.

आमच्या आबांना ईपीएस-९५ ची, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीची पीएफवाली पेन्शन आहे. पेन्शन म्हणजे त्यात महिन्याचं दूध आणि आबांची तंबाखू निघते, बाकी शून्य, पण त्यांचा जीव त्यात. तर यंदाचा हयातीचा दाखला काही केल्या निघंना. आबांनी सगळी उमेद उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डिंगला घालवली, वाळूत हात घालून घालून बोटांच्या रेषा कधीच गेल्या, अंगठा एकदम गुळगुळीत, आणि मशीन म्हणतंय ठसा जुळत नाही. ज्या कामाची पेन्शन त्याच कामानं ठसा पुसला, आता बोला.

दाखला काढायच्या केंद्रातला पोरगा आमच्याच गल्लीतला, रोज संध्याकाळी आबांबरोबर कट्ट्यावर बसतो, तरी मान वर न करता विचारतोय, "आबा, हयात असल्याचा दुसरा काय पुरावा हाय का?" आबा म्हणाले, "का रं, कावळा शिवायची वाट बघतोस व्हय?" सगळी रांग हसली, दाखला काय निघाला नाही.

मग घरी मोबाईलवर चेहऱ्याचं ट्राय केलं. त्यात आधी ऑपरेटरचा चेहरा मागतंय, तो माझा, झटक्यात झाला, म्हणजे मी जिवंत आहे हे मान्य. मग आबांची पाळी. डोळ्यांची उघडझाप करा म्हणतंय. एरवी बसल्या जागी डुलक्या काढणारा माणूस मोबाईल समोर धरला की डोळे वटारून बसतो, आणि मिचकवा म्हटलं की एकच डोळा मिचकावतो. आई आतनं ओरडतेय, या वयात शोभतं का म्हणून.

तर प्रश्न असा की ठसाच नसलेल्या माणसानं करायचं काय? आधार अपडेट करून फरक पडतो का? डोळ्याच्या बुबुळावर करायचं मशीन कोल्हापुरात कुठं बघितलंय का कुणी? आणि कृपा करून "एवढ्याशा पेन्शनसाठी कशाला" असं लिहू नका, पगारातनं कापून घेताना कुणी एवढंसं म्हटलं नव्हतं.

प्रतिसाद: भावा, आधारला दहाच्या दहा बोटं असतात, सगळे अंगठ्यावरच अडकतात. आमच्या मामांचं डाव्या करंगळीवर झालं. हात कोरडा खडखडीत नको, जरासा ओलसर ठेव.

प्रतिसाद: आबांना खिडकीकडं तोंड करून बसव, उजेड पाठीमागनं नको, चष्मा काढ. मिचकवा म्हणूच नको, नुसत्या गप्पा मार, पापणी आपोआप लवते. आणि ईपीएसला सरकारी पेन्शनसारखी नोव्हेंबरची भानगड नाही, दाखला वर्षात कधीही काढ, तिथनं पुढं १२ महिने चालतो. मुदत उलटली तर पेन्शन थांबते पण बुडत नाही, दाखला जमा झाला की मागची पण मिळते.

धागाकर्ता: दोघांचे आभार, थांबलेली मिळते हे ऐकून आबा जरा गार झाले. खिडकीत बसवून गप्पा मारल्या, पण विषय निघाला फाउंड्रीचा, आबा हातवारे करून सांगाय लागले आणि ॲप म्हणतंय स्थिर राहा. करंगळी उद्या केंद्रात जाऊन बघतो. बुबुळाच्या मशीनचं अजून कुणी सांगितलं नाही, माहिती असेल तर टाका.